पावसाळ्यासाठी बांधलं, पावसातच बंद पडलं: गच्चीवरच्या सौर हवामान केंद्राचं एक प्रकरण

(माणसांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आकडे त्यांच्या वहीतले आणि माझ्या मल्टिमीटरवरचे.)

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूची एक सात मजली सोसायटी. पाचव्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून पावसाची वही ठेवतात. गच्चीवर सरळ कडांचा, दहा सेंटिमीटर उंचीचा स्टीलचा डबा. सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी करायची, आकडा वहीत लिहायचा, डबा पालथा करून पुन्हा जागेवर ठेवायचा. साडेआठच का? वेधशाळेचा चोवीस तासांचा पाऊसही सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरतात म्हणून. सिमला ऑफिसचा, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेचा, शिवाजीनगरचा आकडा पेपरात आला की तो वहीत शेजारच्या रकान्यात जायचा. दोन्ही आकडे क्वचितच जुळायचे आणि काकांना खरी गोडी त्यातच होती.

२५ जुलै २०२४ ला एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. काकांची इमारत उंचावर, ती वाचली. पण त्या सकाळी ते छत्री घेऊन गच्चीवर गेले तर डबा काठोकाठ भरून वाहत होता. त्या दिवशीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे: ‘१०० मिमीच्या वर. किती वर, ठाऊक नाही.’ बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला असा मोकळा आकडा झोपू देत नाही.

त्यांची नात सई ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिने मनावर घेतलं: गच्चीवर घरचं हवामान केंद्र लावायचं. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, पाऊस आणि वारा, सगळं दर दहा मिनिटांनी वायफायवरून घरात यायला हवं आणि वीज सूर्याची हवी. मी या घराचा जुना शेजारी, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मला दोनदा बोलावणं आलं, एकदा सुरुवातीला सल्ल्यासाठी आणि एकदा बंद पडल्यावर. पहिल्या वेळी सल्ला मागितला तेव्हा मी चहा पिऊन ‘छान आहे, लाव’ एवढंच म्हणालो, हे आधीच कबूल करतो.

या केंद्राने पुराचा अंदाज येणार नव्हता. मुठेला पूर येतो तो खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांच्या पाणलोटातल्या पावसाने आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याने. आपल्या गच्चीवर ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ‘आता आपल्याला पुराची सूचना मिळणार’ असं टाकलं होतं. काकांनी ते काढायला लावलं.

पहिली मांडणी

सामान नेहमीचंच होतं. मेंदू म्हणून ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड. तापमान, आर्द्रता आणि दाबासाठी बीएमई२८०. वाऱ्याच्या वाट्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि पर्जन्यमापक असा प्लास्टिकचा तयार संच. ६ व्होल्ट, ३ वॅटचं पॅनेल, २६०० मिलीअँपिअर-तासाचे दोन १८६५० लिथियम सेल समांतर जोडलेले आणि मध्ये टीपी४०५६ चं चार्जिंग मोड्यूल. बहुतेक वस्तू बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाल्या, सेन्सर ऑनलाइन मागवला.

पर्जन्यमापकाचं काम कसं चालतं ते थोडक्यात. वर आयताकृती तोंड, त्याखाली दोन खणांची एक छोटी वाटी मधोमध टेकवलेली. एक खण भरला की वाटी त्या बाजूला कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा खण नळीखाली येतो. दर कलंडण्याला एक लोहचुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या स्विचसमोरून) जातो आणि एक ठोका मोजला जातो. या संचात एक ठोका म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर पाऊस.

सेन्सर आला तो नकली. बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० पाठवला होता. दिसायला जुळे भाऊ, पण बीएमपीला आर्द्रता मोजताच येत नाही. सईने चिपची ओळख वाचली तर ०x६० यायला हवं होतं तिथे ०x५८ आलं. आठवडा परत करण्यात आणि दुसरा मागवण्यात गेला. सेन्सर हातात पडल्या पडल्या ही एक ओळ वाचून घ्यावी, खोक्यावरच्या छापील नावावर जाऊ नये.

त्याहून मोठा अडसर सेक्रेटरींचा. गच्ची सामाईक आणि वॉटरप्रूफिंगची हमी अजून चालू, त्यामुळे स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, ही अट. रास्तच होती. काकांनी तोड काढली: पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा, त्यात काँक्रीट आणि मधोमध दीड इंची जीआय पाइप उभा. दोघांनी मिळून ढकलावा लागतो, पण भोक नाही. या सगळ्या प्रकरणातली पहिल्या दिवसापासून आजतागायत न बदललेली गोष्ट ही एकच.

मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्र उभं राहिलं. ऊन रणरणतं होतं. बॅटरी रोज दुपारी भरलेली दिसायची आणि सगळे खूश होते.

अडचण

पुण्यात मान्सून साधारण १० जूनच्या सुमाराला येतो. तोवर महिनाभर चाचणी करायची, असा सईचा बेत. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबई-पुण्यात पोचला, आणि त्याच्या आधीच्या दिवसांतही वळवाने झोडपलंच होतं. ढगाळ हवेच्या तिसऱ्या दिवशी केंद्र गप्प झालं. दुपारी जरा उघडीप झाली की दोन-चार आकडे यायचे, संध्याकाळी पुन्हा सामसूम. मग तेही थांबलं. मोजायचा होता पाऊस, आणि नेमका पाऊस सुरू झाला की यंत्र झोपायचं. काकांचा स्टीलचा डबा मात्र रोज भरत होता आणि वहीत आकडा पडत होता. सईला ते जास्त लागलं असावं.

बंद पडणं ही एक तक्रार. त्याशिवाय आणखी तीन होत्या.

दुपारी शिवाजीनगरला ३९ अंश असताना आपलं केंद्र ४६ दाखवत होतं.

हवेचा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपास यायचा. काकांना पेपरात हजाराच्या पुढचे आकडे वाचायची सवय, त्यामुळे त्यांचा सेन्सरवरचा विश्वासच उडाला.

आणि रोज सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी पाऊस पडत होता. आकाश निरभ्र असलं तरी. कधी १ मिलिमीटर, कधी ४.

हिशोब

दुसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी मल्टिमीटर घेऊन गेलो. तरी पहिलं वाक्य तोंडातून गेलं ते चुकीचंच: ‘पॅनेल लहान पडतंय, दहा वॅटचं लाव.’ हे कुणीही म्हणतं. सईने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, ‘काका, आधी बोर्ड वीज किती खातो ते बघूया का?’

वायफाय सतत चालू ठेवून बोर्ड सरासरी ८० मिलीअँपिअर घेत होता. चोवीस तासांचे १,९२० मिलीअँपिअर-तास झाले. पॅनेल उत्तम उन्हात ५०० मिलीअँपिअर देणारं, आणि मेमध्ये त्याला चार तासांचं भरउन्हाइतकं काम मिळतं असं धरलं तर दिवसाला २,०००. मिळकत २,०००, खर्च १,९२०. बँकेतल्या काकांनी हा कागद पाहिला आणि हसले. ‘पगार पहिल्या तारखेला, शिल्लक एकतीसला शून्य. यात आजारपण बसत नाही.’

ढगाळ दिवस हेच ते आजारपण. दाट ढगात पॅनेल उन्हातल्या चौथाईइतकंही देत नाही. दोन सेल मिळून ५,२००. तिसऱ्या दिवशी बंद पडायला जादूटोणा लागत नाही.

पण बंद पडल्यावर मध्येच दोन आकडे येऊन पुन्हा बंद का? याचं उत्तर आम्हाला गच्चीवर उकिडवं बसून मिळालं. सकाळी जरा उजाडलं की सेलचा व्होल्टेज किंचित चढायचा. बोर्ड जागा व्हायचा आणि लगेच वायफाय शोधायचा. त्या क्षणी ३०० मिलीअँपिअरच्या वरचा झटका बसायचा. अर्धमेल्या सेलला तो सोसायचा नाही, व्होल्टेज कोसळायचा आणि बोर्ड रीसेट होऊन पहिल्यापासून सुरू. दर काही सेकंदांनी तेच. पॅनेलने थेंब थेंब जमवलेलं पाणी असं बादलीच्या तळातल्या भोकातून चाललं होतं. बोर्डावरचा निळा दिवा लुकलुकत होता, आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘चालू आहे’ असा घेतला होता.

पुढ्यात आलेले पर्याय

चार पर्याय निघाले. त्यांचा विचार सारखा झाला नाही, तो तसा होतही नाही.

तयार केंद्र विकत घेणं. बाहेरचा भाग सौर पॅनेलवर, आत पडदा. काकांना मिळालेले भाव पंधरा हजारांच्या पुढचे होते. पैशांपेक्षा सईचा हिरमोड हा मुद्दा होता. पाच मिनिटांत निकाली.

लिफ्टच्या खोलीतून वीज घेणं. यावर मात्र अर्धा तास गेला. तांत्रिकदृष्ट्या सोपं, बिलही किरकोळ, वर्षाला दहा युनिटही नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, ‘युनिटचं नाही हो. आज तुमचं यंत्र, उद्या कोणी इ-बाइक लावेल. मी कोणाला नाही म्हणू?’ माझी हरकत वेगळी होती. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वादळात वीज जवळपास पडली तरी लांब तारेत झटका उतरतो. गच्चीवरून घरापर्यंत तारच नसणं ही सौर केंद्राची सगळ्यात मोठी सोय आहे. यंत्र जळलं तर जळलं, घरातल्या वस्तूंना धक्का नाही. (याच कारणाने पाइपची उंचीही इमारतीच्या वीजरोधकापेक्षा बरीच खाली ठेवली होती.)

मोठं पॅनेल आणि मोठी बॅटरी, म्हणजे माझा सल्ला. दहा वॅटचं पॅनेल, १२ व्होल्टची शिशाची बॅटरी. चाललं असतं. पण पॅनेल मोठं म्हणजे वाऱ्याचा जोर जास्त, म्हणजे डबा जड, म्हणजे पुन्हा सेक्रेटरी. शिवाय पुण्यात जुलै-ऑगस्टला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेवढ्या दिवसांची शिदोरी १,९२० च्या खर्चाने बांधायची तर १५,००० मिलीअँपिअर-तास हाताशी हवेत.

आणि चौथा, खर्च कमी करणं. दहा मिनिटांतून एकदा आकडा पाठवायचा, तर उरलेली नऊ मिनिटं छप्पन्न सेकंद जागं राहायचं कशाला?

निवड चौथ्याची झाली. पण त्याची किंमत होती, आणि ती सईला मोजावी लागली.

निर्णय: वारा सोडला

ईएसपी३२ गाढ झोपवता येतो. झोपेत मुख्य प्रोसेसर बंद असतो, पण आत एक छोटा, अगदी कमी विजेवर चालणारा जोडीदार प्रोसेसर जागा ठेवता येतो. पावसाचे ठोके तो आरामात मोजतो, मिनिटाला पन्नास पडले तरी. वाऱ्याचं तसं नाही. वाट्या सतत फिरतात, झोताचा कमाल वेग पकडायचा तर काही सेकंदांच्या खिडकीत ठोके मोजत राहायला हवं. त्या जोडीदाराकडून तेही करून घेता येतं, पण सईने दोन आठवडे त्यावर घालवले आणि दोन्ही मोजमापं बिघडली.

मग मी एक प्रश्न विचारला, जो मी मेमध्येच विचारायला हवा होता: या वाऱ्याच्या आकड्याचा अर्थ काय? वारा मोजायचा प्रमाण नियम मोकळ्या मैदानात जमिनीपासून दहा मीटरवर. आपल्या वाट्या होत्या सात मजली इमारतीच्या कठड्याजवळ, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला लिफ्टची खोली. पश्चिमेचा वारा भिंतीवर आपटून वर चढतो, टाकीला वळसा घालतो आणि वाट्यांपर्यंत येईतो त्याला स्वतःलाच आपण कुठून आलो ते माहीत नसतं. बाण तर पूर्ण पावसाळी दुपारभर गोल गोल फिरत होता.

सईने एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी वाट्या आणि बाण उतरवले.

काय केलं

झोपेचा प्रोग्राम लिहिला आणि झोपेतला खर्च मोजला तर ९ मिलीअँपिअर. ८० वरून ९ म्हणजे खूपच, पण चिपचा स्वतःचा झोपेतला खर्च मायक्रोअँपिअरमध्ये असतो. मग ९ कोण खातंय? डेव्हलपमेंट बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग). झोपलेल्या घरात तीन पंखे चालू. शिवाय या रेग्युलेटरला स्वतःला चालायला एक व्होल्टच्या आसपास फरक लागतो. ३.७ व्होल्टच्या सेलमधून ३.३ व्होल्ट काढायला तो मुळात अपुराच. आम्ही बोर्डच बाद केला. नुसतं ईएसपी३२ चं मोड्यूल, स्वतः जवळजवळ काही न खाणारा एमसीपी१७०० जातीचा रेग्युलेटर, आणि वायफायच्या झटक्यासाठी शेजारी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. झोपेतला खर्च आला ०.१५ मिलीअँपिअर.

आता जागेपणी. दहा मिनिटांतून चार सेकंद जागं, सरासरी १२० मिलीअँपिअर. दिवसाचे १९. झोपेचे ४. एकूण २३ मिलीअँपिअर-तास. १,९२० च्या जागी २३. काकांनी तो कागद मागून घेतला, वहीत चिकटवला.

ही चार सेकंदं मिळवणं मात्र सरळ नव्हतं. गच्ची ते पाचवा मजला, मध्ये दोन मजले आणि स्लॅब. वायफाय जोडायलाच कधी दहा सेकंद, कधी वीस. राउटरचा चॅनेल आणि आयपी पत्ता प्रोग्राममध्येच पक्का केला, तेव्हा ते सेकंद-दोन सेकंदांवर आलं. तरी एक भोक राहिलं होतं. जुलैत एका रात्री घरातली वीज गेली, राउटर बंद. केंद्राने रात्रभर राउटरला हाका मारल्या, कारण ‘मिळेपर्यंत थांब’ असं लिहिलं होतं. सकाळी निम्मी बॅटरी रिकामी. त्यानंतर दोन ओळी वाढल्या: सहा सेकंदांत जोडलं गेलं नाही तर आकडा स्मृतीत ठेवून झोप, आणि सेल ३.४ व्होल्टच्या खाली असेल तर वायफायला हातच लावू नको, तासभर झोप. ही दुसरी ओळ पहिल्या दिवशी असती तर लुकलुकणाऱ्या निळ्या दिव्याचा खेळ झालाच नसता.

पॅनेल बदललं नाही, फक्त त्याचा कल बदलला. सईने ते कुठल्याशा व्हिडिओत पाहून दक्षिणेकडे ३० अंशांवर बसवलं होतं. थंड देशांत ते बरोबर. पुणं साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीच्या दुसऱ्या शून्य सावलीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे नेमक्या अडचणीच्या दिवसांत पॅनेल सूर्याच्या उलट दिशेला कललेलं! शिवाय ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून झिरपतो, तेव्हा आडवं पॅनेलच बरं. दहा अंशांवर आणलं. अगदी सपाट केलं नाही, कारण मग धूळ आणि कबुतरांची विष्ठा धुऊन जात नाही. कबुतरांसाठी कडेने केबल-टाय आवळले आणि त्यांच्या शेपट्या न कापता वर उभ्या ठेवल्या. पाच रुपयांत काम झालं.

तापमानाची गोष्ट साधी होती. सेन्सर सर्किटच्याच प्लास्टिकच्या डब्यात, आणि तो डबा उन्हात. आपण हवेचं तापमान मोजत नव्हतो, डब्याचं मोजत होतो. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो, तो याचसाठी. घरगुती पेटी कुंडीखालच्या ताटल्यांची केली: सहा इंची सात ताटल्या पालथ्या, मधल्यांना भोकं, तीन लांब स्क्रूंवर पीव्हीसी पाइपचे तुकडे घालून बोटभर अंतराने रचलेल्या. नर्सरीत विटकरी रंगाच्याच मिळाल्या, त्यांना पांढऱ्या तैलरंगाचे दोन हात. दुपारचा फरक सात अंशांवरून दीडवर आला. रात्री अजूनही शिवाजीनगरपेक्षा दोन अंश जास्त दिसतात. सईला ती चूक वाटत होती. मला वाटत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडतो, त्या गच्चीवरची हवा तशीच आहे.

दाबाचा प्रश्न तर प्रश्नच नव्हता. पेपरातला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. पुणं सुमारे ५६० मीटरवर, त्यावर सात मजले, आणि साधारण नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल या बेताने दाब उतरतो. ९४० मध्ये पासष्ट मिळवा, आला पेपरातला आकडा. काकांनी सेन्सरला माफ केलं.

आणि ६.४० चा पाऊस? वॉचमनने सांगितला. त्या वेळी तो पंप चालू करतो, टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार पडते आणि वारा असला की फवारा पर्जन्यमापकावर. पर्जन्यमापक टाकीपासून तिच्या उंचीच्या दुपटीहून लांब सरकवला. अडथळ्यापासून एवढं अंतर ठेवावं हा नियम असाही आहेच. तो पाळला असता तर टाकी आपोआप टळली असती.

उरलं पावसाचं माप तपासणं. यंत्राचे आकडे काकांच्या डब्यापेक्षा सतत कमी येत होते. काका मेडिकलमधून सलाईनची ५०० मिलिलिटरची बाटली आणि नळी घेऊन आले. पर्जन्यमापकाचं तोंड ११ सेंटिमीटर बाय ५, म्हणजे ५५ चौरस सेंटिमीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेपाच मिलिलिटर पाणी. ५०० मिलिलिटरचे झाले ९०.९ मिलिमीटर, ठोके हवेत ३२५. बाटली खिडकीच्या गजाला टांगली. काका नळीचं चाक पेशंटला लावावं तसं हळूहळू सोडत होते, सई मोजत होती. टिक. टिक. साडेतीन तास. मध्ये जेवायची हाक आली तेव्हा काकांनी चाक बंद केलं आणि कोणी हात लावू नये म्हणून नळीला चिठ्ठी बांधली. ठोके आले ३०१. एक ठोका ०.२७९४ नव्हे, ०.३०२ मिलिमीटरचा निघाला.

निकाल

जुलैच्या त्या एका रात्रीनंतर सप्टेंबरअखेरपर्यंत केंद्र बंद पडलं नाही. ऑगस्टमधल्या सर्वांत अंधाऱ्या आठवड्यातही सेल ३.९८ व्होल्टच्या खाली गेले नाहीत. आता ३ वॅटचं पॅनेलच गरजेपेक्षा मोठं आहे, १ वॅटचं पुरलं असतं.

डबा आणि यंत्र यांच्यातला फरक बहुतेक दिवशी तीन-चार टक्के. जोराच्या सरीत मात्र यंत्र मागे पडतं, कारण वाटी कलंडत असतानाच्या क्षणाचं पाणी मोजलं जात नाही. एका दिवशी डब्यात ६४, यंत्रात ५८. हा दोष या जातीच्या सगळ्याच पर्जन्यमापकांत असतो. पण यंत्राने एक गोष्ट दिली जी डबा कधीच देऊ शकला नसता: त्या ६४ पैकी ४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पन्नास मिनिटांत पडला होता. काकांनी वहीत नवा रकाना आखला, ‘कधी’.

आर्द्रतेने निराश केलं. ऑगस्टमध्ये सेन्सर सलग ओला राहून १०० वर अडकला, उन्हं पडल्यावर दोन दिवसांनी खाली उतरला. त्या आठवड्यांचे आकडे आम्ही खोडले.

खर्च पहिल्या मांडणीला ५,८०० रुपये, दुरुस्तीला आणखी १,९००. त्यातले वाऱ्याच्या संचाचे पैसे वाया.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणी उन्हाळ्यात घेतली, ही मूळ चूक. सौर यंत्र मेमध्ये चालणारच. पॅनेलवर गोणपाट टाकून चार दिवस ठेवलं असतं तर जूनची गोष्ट मेमध्येच कळली असती, तेही कोरड्या गच्चीवर बसून.

मी पहिल्याच भेटीत मल्टिमीटर न्यायला हवा होता. दोन आकडे, दहा मिनिटं. ‘पॅनेल लहान आहे’ हे वाक्य इतकं पटकन सुचतं की माझ्यासारखा माणूसही मोजायचं विसरतो.

निर्णयांचा क्रमही उलटा झाला. आधी वस्तू आल्या, मग जागा शोधली, आणि या आकड्याचं करायचं काय हा प्रश्न तीन महिन्यांनी. वाऱ्याचा संच घेण्याआधी सईने गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार काठ्यांना रिबिनी बांधून एक संध्याकाळ नुसतं पाहिलं असतं तरी पुरे होतं. याउलट स्टीलच्या डब्यातलं मोजमाप बंद न करण्याचा काकांचा हट्ट. ‘आता यंत्र आहे, गच्चीवर कशाला चढता’ असं घरात सगळे म्हणत होते, मीसुद्धा. ते काकांनी ऐकलं असतं तर यंत्र कमी मोजतंय हे आम्हाला कळलंच नसतं.

सेलचं काम अर्धवट आहे. मेमध्ये सेल पॅनेलखालच्या काळ्या डब्यात होते, आणि तिथे दुपारी ५८ अंश मोजले गेले. लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करू नयेत. आता ते टाकीच्या उत्तरेच्या सावलीत, पांढऱ्या डब्यात हलवले आहेत. पण मेच्या मध्यानंतर दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो, हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही. पॅनेलचा कल बदलताना जे गणित केलं तेच डबा ठेवताना विसरलो. उन्हाळ्यापूर्वी तो पूर्वेच्या भिंतीला, लिफ्टच्या खोलीच्या छज्ज्याखाली न्यायचा आहे. लिथियम लोह-फॉस्फेटचे सेल उन्हाला अधिक सोशिक, पण त्यांना टीपी४०५६ चालत नाही, कारण तो ४.२ व्होल्टपर्यंत चढवतो आणि त्यांना ३.६ च्या आसपास थांबावं लागतं. म्हणजे चार्जिंगचं मोड्यूलही बदलणं आलं.

वाट्या आणि बाण माळ्यावर खोक्यात आहेत. सईच्या मामांचं मुळशीकडे शेत आहे, मोकळं, आजूबाजूला काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती तिथे दहा मीटरचा बांबू कुठे मिळेल ते विचारत होती. काकांनी विचारलं, तिथे रोज साडेआठला पट्टी कोण बुडवणार?